खांदेपालट

गुड फ्रायडेच्या दुपारी दुःखी मातेची मूर्ती देवळाबाहेर निघाली, तशा गल्लीतल्या सगळ्या टोप्या उतरल्या. सावेरियो लोझुपोने नावाचा म्हातारा भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या आतल्या खिशात एक पिवळा पडलेला कागद होता. सोळाव्या वर्षी लिहिलेली शोकधून, आणि खाली त्याचं नाव. तेव्हाच्या बँडमास्तरनं धून घेतली होती, पोराचं नाव घेतलं नव्हतं. पुढं दीडशे सिनेमांना संगीत देऊन झालं. रोमच्या घरात कपाटभर बक्षिसं होती, ती पुसायला आता कुणी नव्हतं. आपल्या गावात या एका धुनेवर आपलं नाव लागावं, एवढ्यासाठी तो पहाटेच्या गाडीनं एकटाच आला होता.

“पाहुणे, बसा की. तुमचे पाय माझ्याहून म्हातारे दिसतात.”

उंबऱ्यात खुर्ची टाकून बसलेल्या काळ्या कपड्यांतल्या म्हातारीनं एक स्टूल पुढं सरकवलं. आदोलोराता तिचं नाव. मूर्तीचंच नाव ठेवलेलं. तो बसला.

मूर्तीमागून बँड येत होता. धून सुरू झाली. खांदेकरी इतके हळू चालत होते, की मुंगीनं पुढं जावं.

“ही धून माझी...” सावेरियो म्हणाला.

“माझीपण! सगळ्या गावाची आहे. पणजोबांच्याही आधीची. ज्यानं केली त्यानं आपलं नावसुद्धा आईच्या पायाशी ठेवलं बघा. आणि एक तो रोमचा सिनेमावाला! चोरली मेल्यानं, डाकू मरतो तिथं लावली. बरं, नीट चोरताही आलं नाही.”

“म्हणजे?”

“मधला थांबाच गाळला. आता गप बसा, ऐका.”

क्लॅरिनेट चढत गेलं आणि मध्येच थांबलं. ढोलही थांबला. लाकूड करकरलं. तेवढ्यात वीस खांदेकऱ्यांनी आईचा भार उजव्या खांद्यावरून डाव्यावर घेतला. कुणीतरी हुश्श केलं. मग क्लॅरिनेटनं सूर पुन्हा उचलला.

“बघितलंत? हा थांबा नसता, तर माझा नवरा चाळीस वर्षं खांद्याला टिकला नसता. धून करणाराला ओझं ठाऊक होतं हो.”

सावेरियोला ओझं ठाऊक नव्हतं. त्याचा बाप या बँडात क्लॅरिनेट वाजवायचा. त्याला दमा होता, ती चढण एका श्वासात जमत नसे. म्हणून पोरानं तिथं श्वासापुरती जागा सोडली होती. रोमच्या वादकांना दमा नव्हता. सिनेमासाठी पुन्हा लिहिताना त्यानंच ती भरून टाकली होती.

बँडमास्तर दोन हातांवर आला. सावेरियोचा हात खिशात गेला. कागद बोटांना लागला.

पुन्हा क्लॅरिनेट चढलं, पुन्हा थांबलं. सावेरियोनंही श्वास घेतला.

बँड वळणापलीकडे गेला. सावेरियोचा हात रिकामाच बाहेर आला.

“अहो, रडताय होय?” आदोलोराता वाकून बघत म्हणाली. “या गावात तुमचं कुणी आहे का?”

“वडील,” तो म्हणाला. “आत्ताच पुढं गेले.”