मूकपटातला निरोप

पडद्यावर घोडागाडी येऊन थांबली तशी तिने नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं.

"आता तो येईल," ती म्हणाली. आपण हळूच बोललो असं तिला वाटलं. पुढच्या तीन रांगांनी माना वळवल्या.

आठव्या वर्षी तापात तिचे कान गेले होते. बोलणं राहिलं, पण आपला आवाज केवढा येतो याचा अंदाज कायमचा गेला. समोरच्याचे ओठ मात्र ती पेपर वाचावा तशी वाचायची. शेजारणींना तिच्यासमोर कुजबुजायचीसुद्धा चोरी होती.

नवरा वर्कशॉपमध्ये फोरमन. घरीही फोरमनच. मुलाने लेथवरची नोकरी सोडून सिनेमाचा नाद धरला, तेव्हा फोरमनने अबोला धरला. मग बापलेकांचे निरोप पोचवायचं काम कुणाकडे आलं, तर घरातल्या बहिरीकडे! तिने ते इमानेइतबारे केलं. एक शब्द गाळला नाही, एक पदरचा घातला नाही. "त्याला सांग, या घराची पायरी पुन्हा चढू नकोस," असं फोरमन म्हणाला, तेही तिने जसंच्या तसं सांगितलं. त्यासाठी तिने स्वतःला अजून माफ केलं नव्हतं.

पायरी बंद झाली, पण खिडकी होती. मुलगा समोरच्या फुटपाथवर उभा राहून नुसते ओठ हलवायचा आणि ती खिडकीत बसून मानेने, हाताने उत्तरं द्यायची. तिच्यामागे खुर्चीत फोरमन चहा पीत असायचा. त्याला पत्ताही नसायचा.

शेवटचा आला तोही असाच. काम मिळालं म्हणून स्वारी खुशीत होती.

"आई, गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची आहे. सिनेमाही तेव्हाच्यासारखाच, मुका. मी गाडीवान. आवाज घेतच नाहीत, काय वाटेल ते बोला म्हणतात. मी त्यात बाबांना निरोप दिलाय. सगळ्या थिएटरात तुला एकटीलाच कळेल."

आत्ताच सांग ना, अशी तिने खूण केली.

"फुकटात नाही. तिकीट काढून या. त्यांनाही घेऊन ये."

त्यानंतर तीन आठवड्यांनी त्याच्या मोटरसायकलला ट्रकने उडवलं.

फोरमन रडला नाही. कामावर जायचा, यायचा, पानात पडेल ते खायचा. निरोपाचं तिने त्याला सांगितलं होतं, ते जणू चुकलंच. कारण दर दोन दिवसांनी तो तिच्यासमोर येऊन उभा राहायचा आणि एकच विचारायचा, "काय म्हणाला असेल गं?" चढ्या आवाजाचा माणूस, पण आताशा त्याचे ओठ इतके कमी हलत की तिलाही ते नीट वाचता येत नसत. असे पाच महिने गेले. सिनेमा लागला त्या दिवशी पहिल्या खेळाची तिकिटं त्यानेच आणली.

आणि गंमत बघा, आज सगळं थिएटर तिच्यासारखंच बहिरं होतं. ओठ हलायचे आणि काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं यायची. पाटी कधी बोलून झाल्यावर यायची, कधी बोलता बोलताच. पाटीतल्या आणि तोंडातल्या बोलण्याचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. नायिका नायकाच्या मांडीवर प्राण सोडत होती. पाटी म्हणत होती, "मला विसरून जा." बाईसाहेबांचे ओठ म्हणत होते, "मांडी हलवू नकोस रे, मान अवघडली." ती खदखदून हसली. आजूबाजूला लोक डोळे पुसत होते. फोरमनने नेहमीसारखा तिचा हात दाबून तिला गप्प केलं नाही. हसते आहे, म्हणजे तिला सगळं वाचता येतंय, एवढंच त्याने ताडलं असावं.

आता घोडागाडीतून गाडीवान उतरला. डोक्याला फेटा, नकली मिशी, पण चाल तीच, डावा खांदा जरा पाडून चालायची. तो दिवाणखान्यात आला, मालकांसमोर उभा राहिला आणि मालकांना सोडून थेट समोर बघायला लागला. फुटपाथवरून बघायचा तसाच.

त्याचे ओठ हलले.

"आई, बाबांना सांग—"

पाटी आली. "मालक, गाडी तयार आहे."

पाटी गेली तेव्हा त्याचं तोंड मिटलेलं होतं. तो वाकला, वळला आणि दाराबाहेर गेला. त्याचं काम तेवढंच होतं. त्या चार शब्दांच्या पाटीमागे तिचा मुलगा बोलत होता, आणि ते बोलणं कुणीतरी कात्रीने कापून टाकलं होतं. हा सिनेमा दोनदा बघितला, दहादा बघितला, तरी ते आता कुणालाही दिसणार नव्हतं.

तिने मान वळवली. फोरमनने पडद्याकडे पाहिलंच नव्हतं. मुलाचा चेहरा बघायची त्याची छाती झाली नव्हती. तो मघापासून तिच्याच चेहऱ्याकडे बघत होता. पडद्याच्या उजेडात तिला त्याचे ओठ दिसले. ते थरथरत होते, आणि तिला ते दोनदा वाचावे लागले.

"काय म्हणाला?"

त्याचा हात तिने दोन्ही हातांत घेतला आणि सगळ्या थिएटरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"म्हणाला, बाबांना सांग, तुम्ही कितीही हाकललंत तरी मी घरी येणारच."