तिसरं कारण

मनिलाच्या त्या वस्तीत वीजचोरी होऊ नये म्हणून मीटर खांबावर उंच टांगले होते, त्यामुळे क्रिसांतो आपला मीटर दुर्बिणीतून वाचायचा. बिल दर महिन्याला फुगत चाललं होतं आणि झाडून सगळ्या शेजाऱ्यांवर त्याचा संशय होता. म्हणून रविवारी दुपारी अख्खी वस्ती ‘वीज का महागली’ या सभेला गेली, तेव्हा तो मुद्दाम घरी राहिला. पंखा, फ्रिज, दिवे, सगळं बंद करून त्याने दुर्बीण डोळ्याला लावली.

"नक्की मीटरच बघताय ना?" त्याच्या बायकोने, लुर्देसने, विचारलं.

"गप गं! घरात काही चालू नाही, तरी चकती गरगर फिरतेय."

सभेच्या कर्ण्यातून वस्तीप्रमुखाचा आवाज घुमत होता. "पहिलं कारण, कोळसा महागला. दुसरं, डॉलर वधारला. आणि तिसरं, सगळ्यात मोठं कारण म्हणजे..."

क्रिसांतोने घराचा मेन स्विच खाली ओढला. चकती थांबली. कर्णाही मुका झाला.

"अहो, तिसरं कारण राहिलंच की!" लुर्देस हळहळली.

"राहिलं कुठे?" दुर्बीण खाली ठेवत क्रिसांतो म्हणाला. "इतकं सोपं करून आजवर कुणी सांगितलं नव्हतं."