कोणाच्या जागी

सगळे लॅम्प परत आले होते, एक सोडून.

हर्षाने पुन्हा एकदा फळीवरून नजर फिरवली. सकाळी खाणीत उतरताना प्रत्येक कामगार खिडकीशी आपलं पितळेचं टोकन देतो आणि डोक्याला लावायचा लॅम्प घेऊन जातो. वर आला की लॅम्प द्यायचा, टोकन घ्यायचं आणि घरचा रस्ता धरायचा. फळीवरचे सगळे खिळे रिकामे झाले होते. एकावर मात्र टोकन तसंच लटकत होतं. लॅम्परूममधला हर्षाचा हा पहिलाच दिवस, आणि ते टोकन जागेश्वरचं होतं.

दुसऱ्या कोणाचं असतं तरी ती घाबरली असतीच, पण अशी नाही.

"भय्याजी, एक लॅम्प नाही आला," ती म्हणाली.

भय्याजींची सगळी नोकरी याच खोलीत गेली होती. "येईन. तंबाखूचा खर्रा खात बसला असन कुठी," म्हणत ते चहाला निघून गेले. चहाची वेळ झाली की भय्याजी भूकंपालाही थांब म्हणाले असते.

हर्षा एकटी राहिली. एकटं राहिलं की नको ते आठवतं.

तुमसरच्या बाजारात अपॉइंटमेंट म्हटलं की ती डॉक्टरची असते, नाहीतर ब्युटी पार्लरची. कोणाला नोकरीची आली तर घरचे पेढे वाटतात. खाणीच्या वस्तीत तसं नाही. इथे एखाद्या तरण्या पोराला, एखाद्या बाईला अपॉइंटमेंट आली असं कळलं, की लोक पेढा मागत नाहीत. आवाज खाली करून विचारतात, "कोणाच्या जागी?" कारण इथे ती बहुतेक अनुकंपेवर येते, घरचं माणूस गेल्यावर. हर्षाला आली ती नवऱ्याच्या जागी. मनिषच्या.

आणि मनिष त्या दिवशी खाली उतरला होता तो जागेश्वरच्या जागी. जागेश्वरला साळ्याच्या साक्षगंधाला बपेऱ्याला जायचं होतं. दोस्तासाठी एक पाळी केली तर काय बिघडतं, असं म्हणून मनिष डबा घेऊन गेला. दुपारी आत खाणीचं छत कोसळलं.

तेरवीला जागेश्वरची बायको मेघा आली आणि हर्षाच्या पायाशी बसून रडू लागली. तिच्या कपाळावरचं ठसठशीत कुंकू पाहून हर्षाचं भान सुटलं. भरल्या अंगणात ती बोलून गेली, "तुह्याई घरी येईन अपॉइंटमेंट, मेघा. तवा समजन तुले." सासूने, सत्यभामाबाईंनी, धावत येऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. पण तोवर बोलून झालं होतं. वस्तीत याच्याहून वाईट शाप कोणाला माहीत नव्हता. मेघा डोळे पुसत उठून गेली, ती पुन्हा त्या दारात आली नाही.

आज सकाळी जागेश्वरने मान खाली घालून टोकन पुढे केलं होतं. हर्षाने त्याला लॅम्प दिला होता, स्वतःच्या हाताने.

तिने फोन उचलला. खाणीत उतरायच्या शाफ्टच्या तोंडाशी असलेला माणूस म्हणाला, "इकडून सगळे वर आले, बाई. खाली कोणी नाही."

हर्षाने फोन ठेवला. मनिषच्या दिवशीही आधी हाच निरोप मिळाला होता.

तिला सगळं दिसू लागलं. वस्तीत शिरणारी जीप, दारात उभी मेघा, बाजूला सरकत वाट देणाऱ्या बाया. मग काही महिन्यांनी याच खिडकीत, आपल्या शेजारी, कोऱ्या कपाळाची मेघा. आणि लोक तिलाही विचारणार, कोणाच्या जागी. हर्षाने त्या टोकनासमोर हात जोडले. "देवा, मी रागात बोलली," ती पुटपुटली. "तू नोको आयकू."

भय्याजी आले तेव्हा ती तशीच उभी होती. शाफ्टवरचा निरोप तिने कसाबसा सांगितला. भय्याजींनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, टोकनावरचा नंबर पाहिला आणि काय ते ओळखून शाफ्टकडे धावायचं सोडून लॅम्परूमचं मागचं दार उघडलं.

भिंतीला टेकून जागेश्वर बसला होता. पापण्यांपर्यंत काळी धूळ. डोक्यावर टोपी होती आणि तिच्यावरचा लॅम्प भर उन्हात जळत होता.

"काहून रे, इथं काय करून राहिला?" भय्याजी म्हणाले. "अंदर त्या बाईचा जीव जाऊन राहिला ना."

जागेश्वर उठला. त्याने हर्षाकडे पाहिलं नाही.

"कवाचाच आलो, वयनी. दोनदा खिडकीपर्यंत आलो न् वापस फिरलो." तो जमिनीकडे बघत बोलत होता. "मी वर आलो, हे तुमाले कोणत्या तोंडानं दाखवू?"

हर्षाने हात वर करून त्याच्या टोपीवरचा लॅम्प काढला. बटण दाबून तो विझवला. मग ती आत गेली, लॅम्प त्याच्या जागी ठेवला, खिळ्यावरचं टोकन काढलं आणि बाहेर येऊन जागेश्वरच्या काळ्या तळहातावर ठेवलं.

"दाखवत जा, भाऊजी," ती म्हणाली. "रोज वर आले का आधी मले दाखवत जा. मेघाले मंग."