तुंबा छातीखाली

वाळलेल्या भोपळ्याचा मोठा तुंबा पोटाशी कवटाळून रीताबाई तलावात उतरल्या आणि काठावर जमलेली पूरग्रस्तांची अख्खी छावणी खदखदून हसली. हसण्यासारखंच होतं. चौसष्ट वर्षांच्या रिटायर मास्तरीणबाई, पदर कमरेला घट्ट खोचलेला, चेहरा लढाईला निघाल्यासारखा, आणि पाणी जेमतेम गुडघ्याएवढं.

इस्तारी मात्र हसला नाही. त्याची नजर आपल्या पोरीवर होती. नऊ वर्षांची रोशनी पाण्यापासून वीस पावलांवर चिंचेच्या बुंध्याला पाठ लावून बसली होती. वैनगंगेचा पूर गावात शिरला, घरातून तिला ओढून नेऊ लागला आणि बापानं तिला केसांना धरून बाहेर काढलं, त्या दिवसापासून ती कोणाशी बोलली नव्हती. आज अकरावा दिवस.

पुराआधी हीच पोर मोहल्ल्यातल्या लहानग्यांना तुंब्यावर पोहायला शिकवायची. आता डोंग्यात, म्हणजे होडीत, बसायचं नाव काढलं तरी तिचं अंग ताठ व्हायचं. आणि उद्या छावणी उठणार होती. गावाकडचा पूल वाहून गेलेला. डोंग्याशिवाय वाट नव्हती. "नाई बसली तं बल्लारपूरले माह्या भावाकडं ठेवू," असं तिची आई गोकुळा सकाळीच डोळे पुसत बोलून गेली होती. मासे मारून जगणाऱ्या ढिवराची पोर पाण्याला भिऊन मामाच्या घरी राहणार! इस्तारीच्या जिवाला ते फार लागलं होतं.

त्यात त्याची स्वतःची चूक होती, हे त्याला ठाऊक होतं. त्यांच्यात पोर पाण्याला भ्यायलं की त्याला उचलून पाण्यात टाकतात. पोर हातपाय मारतं, चार घोट पाणी पितं, बोंबलतं आणि पोहायला लागतं. इस्तारीला त्याच्या बापानं असंच टाकलं होतं. म्हणून छावणीत आल्यावर चौथ्या दिवशी त्यानं रोशनीला या तलावात टाकलं. पोरीनं हातपाय मारलेच नाहीत. सरळ खाली गेली. त्यानं लगेच वर काढलं, पण तेव्हापासून ती बापाच्या हातून प्यायचं पाणीसुद्धा घेत नव्हती.

रीताबाई आल्या त्या त्यानंतर. मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्तीतल्या त्या. कुठंही पूर आला, की पोरांसाठी पिशवी खांद्याला अडकवून निघणाऱ्या. "मी सहा वर्षांची होते, आईसोबत सीमा ओलांडून आले," त्या सांगायच्या. "रायपूरजवळच्या निर्वासितांच्या माना छावणीत तंबूत वाढले. छावणीतल्या लेकराले काय पाहिजे, ते मले पुसा!" चार दिवसांत त्यांनी शाळेच्या व्हरांड्यात पोरांना गाणी शिकवली, भांडणं लावली, मिटवली, हसवून हसवून बेजार केलं. सगळी पोरं त्यांना चिकटली. एक रोशनी सोडून. तिच्याजवळ त्या रोज नुसत्या बसायच्या. आणि आज त्यांनी इस्तारीकडं तुंबा मागितला होता.

"पुढं व्हा ना बाई, मासोया वाट पाहून राह्यल्या!" काठावरून छावणीतला मिथुन ओरडला. पुन्हा हशा.

बाई कमरेएवढ्या पाण्यात गेल्या. डोळे मिटून तुंब्यावर आडव्या झाल्या. तुंबा सटकून मागं गेला, पाय वर, तोंड पाण्यात. खोकत उठल्या. पुन्हा आडव्या झाल्या, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्या वर आल्या तेव्हा त्यांचे ओठ थरथरत होते आणि हसणं जरा कमी झालं होतं.

"तुंबा पोटाखाली नाई. छातीखाली घ्या."

आवाज घोगरा होता. कोण बोललं ते आधी कोणाला कळलंच नाही. रोशनी तलावाच्या काठाशी उभी होती. बाईंनी चौथ्यांदा तुंबा पोटाखालीच घेतला, तशी ती चिडली आणि सरळ पाण्यात शिरली. गुडघा, मांडी, कंबर. तुंबा ओढून तिनं बाईंच्या छातीखाली नीट बसवला आणि त्यांचं मनगट धरलं.

"पाय ढिल्ले सोडा. मी धरून आहो."

गोकुळानं तोंडाला पदर लावला. इस्तारीला रडू आवरेना, आणि त्यानं ते आवरलंही नाही.

बाहेर आल्यावर त्यानं बाईंपुढं हात जोडले. "काय नाटक केलं बाई तुमी! मले तं वाटलं, खरंच बुडता! उद्या आमच्या संगं गावाले चाला. जेवाले. माह्या डोंग्यात नेतो तुमाले."

बाईंचा चेहरा एकदम उतरला. "रस्ता झाला की येईन, भाऊ."

"रस्ता व्हाले दिवाळी होईन."

बाई पदर पिळत राहिल्या. पिळताना हात कापत होते. ऊन चांगलं तापलेलं होतं. इस्तारीनं आयुष्यभर पाण्यातून माणसं बाहेर काढली होती; थंडीनं कापणारा हात तो ओळखत होता, आणि हा तसा नव्हता.

"बाई," त्यानं हळूच विचारलं, "नाटक नव्हतं काय?"

"येताना सीमेवरच्या नदीत आमची नाव उलटली होती," बाई म्हणाल्या. "धाकटा भाऊ माझ्या हातात होता. तो सुटला. त्यानंतर पाण्यात पाय घातला तो आज."

"मग काऊन उतरल्या?"

"बाकी सगळं करून पाह्यलं होतं, भाऊ."

 तेवढ्यात रोशनी बोलली. बाईंचं मनगट तिनं अजून सोडलं नव्हतं.

"मले पाण्यातच समजलं होतं, बाबा. उद्या डोंग्यात बाईले मधात बसवजो. बाजूले मी बसीन."