रिकामा डबा

हॉटेलांतल्या उरल्यासुरल्या अन्नाचा लगदा करून ताटल्या बनवणाऱ्या कारखान्यात ती सुपरवायझर होती. निवृत्तीनंतर स्वयंपाकाचं वेड लागलेला नवरा तिला हौसेने डबा द्यायचा. डब्यातली भाजी चमच्याने खरवडली तरच सुटायची. एक घास कसाबसा गिळून ती बाकीचं गुपचूप लगद्याच्या टाकीत टाकायची आणि घरी "छान झालं होतं हो," म्हणायची.

नवरा चार दिवस बहिणीकडे गेला आणि इकडे गरम भात वाढला की ताटल्या लुळ्या पडायला लागल्या. मालक हवालदिल झाले. तिच्या मात्र डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिने फोन लावला, "अहो, लवकर या ना! तुमच्या डब्यावाचून माझं सगळं अडलंय."

 

त्याने बोलता बोलताच पिशवी भरायला घेतली. "निघालोच! इथे ताई मला स्वयंपाकघरात पाऊलसुद्धा टाकू देत नाही गं!"