खालचा माणूस

फांद्या छाटायला झाडावर चढायचा तो धाकटाच. थोरला सुटकेचा दोर खांद्यावर घेऊन बुंध्याशी उभा. वर भाऊ अडकला, तर चढून त्याला खाली आणायचं, एवढंच त्याचं काम. आणि धाकटा कधी अडकत नसे. लोक माना वर करून धाकट्याला वाखाणत, तेव्हा थोरल्याच्या पोटात दुखे.

एकदा तो मुकादमावर उखडलाच. "सुटकेच्या परीक्षेत पहिला मी, अन् शेंड्यावर मिरवतो तो! मला काय बुजगावणं म्हणून उभं केलंय?"

मुकादम हसला. "अरे, खाली कोण हवं ते चढणाराच ठरवतो, असा नियम आहे. काल तू रजेवर होतास. तुझा भाऊ दिवसभर बुंध्याशी बसून राहिला. म्हणाला, दादा खाली नसेल तर मी जमीन सोडत नाही."