निरोगी श्वासाची पिशवी

"मॅडम, सोडा आता. यंत्राला कुणाची तरी नजर लागलीय," काका म्हणाले आणि पाण्याची बाटली पुन्हा तोंडाला लावली.

ती यंत्राच्या पडद्याकडे बघत राहिली. आलेखात तोच उंचवटा होता, आठवडाभर रोज थोडा थोडा वाढणारा. चार वाजता कामाचा आढावा घ्यायला समिती येणार होती. उंचवटा गेला नाही, तर सहा वर्षांचं काम बंद.

काम तसं सांगायला सोपं. श्वासातून लेसर सोडायचा, त्यातल्या वायूंवरून आजार ओळखायचा. पण प्रकाश मुळातच थरथरतो आणि बारीक खूण त्या थरथरीत बुडून जाते. महिन्यापूर्वी तिने क्वांटम युक्तीने ती थरथर दाबली. सगळे नाचले. आणि मग हे झेंगट! रुग्णाचा श्वास ज्याच्याशी ताडून बघायचा, त्या निरोगी श्वासातच ॲसिटोन नावाचा वायू जास्त दिसू लागला.

निरोगी श्वास काकांचा. ते या प्रयोगशाळेतले जुने तंत्रज्ञ. रोज आल्या आल्या पिशवी फुगवायचे. सहा वर्षांत एक दिवस चुकले नाहीत.

आरसे पुसून झाले. नळ्या बदलून झाल्या. तिचे डोळे चुरचुरत होते, डोकं चालेनासं झालं होतं. काकांनी तर हायच खाल्ली होती. आपल्याच हातून एखादी नळी सैल राहिली, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली होती.

"काळजीनं वाळलो हो," ते म्हणत.

वैतागून तिने कोरी पिशवी उचलली, स्वतःच फुगवली आणि यंत्राला लावली.

उंचवटा गेला.

पण ती नाचली नाही. तिने काकांकडे पाहिलं. बाटली रिकामी झाली होती, सकाळपासूनची चौथी. सहा वर्षं ती त्यांच्या पिशवीवर 'निरोगी' अशी चिठ्ठी डकवत आली होती. काकांना मात्र तब्येत कशी आहे, असं तिने एकदाही विचारलं नव्हतं.

"काका, बूट घाला. दवाखान्यात जायचंय. आत्ता."

"अहो, आणि समिती?"

"बसू दे तिला. यंत्र खरं तेच सांगत होतं, काका. श्वासात ॲसिटोन वाढलंय, म्हणजे तुमची साखर वाढलीय, बहुतेक फार."

काका खुर्चीत टेकले. मग आठवड्यात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैलावला.

"हात्तिच्या! म्हणजे नळी माझ्याकडून सैल राहिली नव्हती तर!"